जातिवंत कुत्रं, गावठी माणूस

मराठी भाषेत चांगल्याला काय म्हणतात? जातिवंत. घोडा जातिवंत, बैल जातिवंत, कुत्रा जातिवंत. गाणारा बरा निघाला तर जातिवंत कलावंत, लिहिणारा बरा निघाला तर जातिवंत लेखक. आणि वाईटाला काय म्हणतात? कमजात. बदजात. कमअस्सल. दोन बापाचा. कुत्रं असेल तर गावठी. म्हणजे ज्याची जात सांगता येते ते चांगलं, ज्याची सांगता येत नाही ते वाईट. ओठावरचं दूध वाळायच्या आत हे आमच्या तोंडात कोंबलेलं असतं. आमचीच माणसं आमच्याच वस्तीत बसून म्हणतात, कुत्रं आणलंय पण जातिवंत आणलंय. बोलताना जीभ अडखळत सुद्धा नाही.

मित्रहो, हा लेख कुत्र्यांवर आहे. दलित साहित्याच्या पानावर कुत्री कशाला, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघावा. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली ती हीच. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावं आणि त्यांची मालमत्ता काय असावी, तर कुत्री आणि गाढवं, असं त्यात लिहून ठेवलंय. श्वपच म्हणजे कुत्रं शिजवणारा. ही आम्हाला दिलेली पदवी. तेव्हा कुत्र्याशी आमचं नातं काल-परवाचं नाही. कायद्यानं लावून दिलेलं आहे. आज त्याच कुत्र्याला पट्टा, कागद आणि बक्षीस मिळत असेल तर त्याचा हिशेब विचारायचा पहिला हक्क आमचा.

मी पुसेगावचा. पुसेगाव म्हटलं की लोक विचारतात, साताऱ्याचं का, सेवागिरी महाराजांचं? नाही म्हणलं की तोंड पडतं. आमचं पुसेगाव सेनगाव तालुक्यातलं. १९९९ पर्यंत परभणी जिल्हा, आता हिंगोली. म्हणजे गावात सुद्धा एक जातिवंत पुसेगाव आणि एक गावठी पुसेगाव. आपण गावठीतले. बरंय.

आमच्याकडं कुत्र्याचा बाजार बघायचा तर लांब मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगाव आहे. खंडोबाचं. मार्गशीर्ष संपता संपता तिथं मोठी यात्रा भरते. घोडे येतात, उंट येतात, गाढवं येतात, लाल कंधारी आणि देवणी जनावरं येतात. वैदू, घिसाडी, गोसावी, जोशी अशा भटक्यांची पालं पडतात, त्यांच्या जातपंचायती बसायच्या त्या इथंच. आणि यात्रेत अश्व, श्वान, कुक्कुट यांच्या स्पर्धा असतात. बोलीतलं कुत्रं स्पर्धेच्या फलकावर चढलं की श्वान होतं. कोंबडी कुक्कुट होते. माणूस मात्र होता तोच राहतो.

मनूनं सांगितलेली मालमत्ता आठवा. कुत्री आणि गाढवं. माळेगावात दोन्ही आहेत. फरक एवढाच की आता त्यावर बोली लागते, फोटो निघतात आणि फेटेवाले येऊन पाठीवर हात फिरवतात.

मी उभा होतो तिथं एक पालावरचा माणूस कारवानी कुत्रं धरून होता. लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, पाय काठीसारखे. एक पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ आला. कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत विचारलं, "काय जात हाय याची?"

"कारवानी हाय मालक."

"शुद्ध हाय का?"

"ह्याचा आजा बी आमच्याच पालावर पळत व्हता."

"वा! आन् तुमची?"

"काय?"

"जात हो."

पालावरच्यानं सांगितली. गृहस्थ अर्धं पाऊल मागं सरकला. हात मात्र कुत्र्याच्या मानेवर तसाच. कुत्र्याला शिवायला काही अडचण नव्हती.

आता ही शुद्ध-शुद्ध काय भानगड आहे ते बघू. कुत्रा माणसाजवळ आला त्याला हजारो वर्षं झाली. पण ज्याला आपण ब्रीड म्हणतो, कागदावरची जात, ती त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत दीड-दोनशे वर्षांची. आधी कुत्र्याला काम होतं. मेंढरं राखणारा, ससा धरणारा, दार राखणारा. जो काम करील त्याची पिल्लं ठेवायची. मग इंग्लंडात श्रीमंतांना रिकामा वेळ आला. २८ आणि २९ जून १८५९ ला न्यूकॅसल गावात पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. पहिलं डॉग शो म्हणून तेच धरतात. १८७३ साली लंडनात केनेल क्लब निघाला आणि पुढच्या साली त्यानं वंशावळीची पहिली चोपडी छापली. १८९१ साली चार्ल्स क्रफ्ट नावाच्या माणसानं आपल्या नावानं मोठा शो सुरू केला. हा आधी काय करायचा? कुत्र्याची बिस्किटं करणाऱ्या कंपनीत नोकरी. म्हणजे धंदा, रिकामा वेळ आणि खानदान, तिन्ही एका मांडवात.

शोमध्ये काय होतं? प्रत्येक जातीचा एक नमुना लिहून ठेवलेला असतो. कान इतका, शेपूट अशी, रंग हा चालेल, तो चालणार नाही. पंच दात उचकटून बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चालवून बघतो. या कुत्र्यानं ससा धरला का, चोर धरला का, हे तिथं कुणी विचारत नाही. नमुन्याशी जुळतं का एवढंच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती चोपडी. आई-बाप दोघं चोपडीत असतील तरच पिल्लू चोपडीत. बाहेरचं रक्त आलं की पिल्लू कितीही देखणं, कितीही गुणाचं असू दे, दार बंद.

वाचक हो, ही चोपडी ओळखीची वाटते की नाही? आपल्याकडं तिला कुळ म्हणतात, गोत्र म्हणतात, शहाण्णव कुळी म्हणतात. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचं मूळ नेमकं दाखवलं. जातीतल्या जातीत लग्न. तेवढं बंद दार काढा, जात उरत नाही. विलायतेतल्या क्लबवाल्यांना हे कुत्र्यांवर करायला चोपडी छापावी लागली. आमच्याकडच्यांनी ते न छापता दोन हजार वर्षं चालवलं. अनुलोम, प्रतिलोम, वर्णसंकर. कुणाच्या पोटी कुणापासून झालेलं पोर कोणत्या नावाचं आणि त्यानं काय खावं, कुठं राहावं, याची यादी मनूच्या त्याच दहाव्या अध्यायात आहे. ही माणसांची केनेल क्लबची चोपडीच की.

कुत्र्यांच्या जातीवरून माणसांच्या जातीवर उडी मी मारतोय असं समजू नका. ती उडी त्यांनीच मारली होती. अमेरिकेत लिऑन व्हिटनी नावाचा माणूस होता. अमेरिकन युजेनिक्स सोसायटीचा चिटणीस. युजेनिक्स म्हणजे माणसाची अवलाद सुधारायची विद्या, हा शब्द १८८३ साली फ्रान्सिस गाल्टननं काढला. या व्हिटनीनं १९३४ साली एक पुस्तक लिहिलं, नालायक ठरवलेल्या माणसांची नसबंदी करावी म्हणून. आणि १९३७ साली दुसरं लिहिलं, कुत्र्यांची पैदास कशी करावी म्हणून. हात एकच, लेखणी एकच. त्याच काळात जर्मनीत नसबंदीचा कायदा होऊन माणसं कापली जात होती आणि पुढं छळछावण्यांच्या कुंपणाला अल्सेशियन बांधले गेले.

आणि १९३६ साली, याच काळात, बाबासाहेब लिहीत होते की जात म्हणजे वंश नव्हे. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे. आणि जातीमुळं अवलाद सुधारते म्हणता तर सुधारलेली अवलाद दाखवा, हिंदू माणूस अंगापिंडानं इतका खुजा आणि दुबळा का, असा त्यांचा सवाल होता. लाहोरच्या मंडळानं ते भाषण होऊ दिलं नाही. सवाल अजून उभा आहे.

आता शुद्धाची गंमत बघा. डॉबरमन. आमच्याकडं बंगल्याच्या फाटकावर ज्याच्या नावाची पाटी असते तो. हा कुणी केला? जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या लुई डोबरमन नावाच्या माणसानं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. हा करवसुली करायचा आणि मोकाट कुत्री धरायचा. वसुलीला जाताना संगतीला दांडगं कुत्रं पाहिजे म्हणून त्यानं हाताला लागली तशी निरनिराळी कुत्री एकत्र केली. म्हणजे डॉबरमन हा मूळचा मिसळीचाच. संकराचा. मिसळ पुरती झाल्यावर दार लावून घेतलं आणि म्हणाले, शुद्ध. शुद्ध म्हणजे काय, तर ज्याचा संकर विसरला गेलाय ते.

आणखी एक. फेरो हाउंड म्हणून एक जात आहे. इजिप्तच्या राजांच्या थडग्यात जशी कुत्री रंगवली तशी, पाच हजार वर्षांची म्हणून मिरवायची. २००४ साली शास्त्रज्ञांनी पंच्याऐंशी जातींचं रक्त तपासलं. निघालं काय, की ही जात जुन्या कुत्र्यांच्या घोळक्यात बसतच नाही, अलीकडं घडवलेली आहे. आमच्याकडं ज्यांना स्वतःला सूर्यवंशी, चंद्रवंशी म्हणवून घ्यायची हौस आहे त्यांनी हे ऐकून घ्यावं. भाटाला पैसे दिले की वंशावळ रामापर्यंत जाते. कुत्र्याची फेरोपर्यंत गेली. इतकंच.

परदेशी कुत्र्यांचं राहू द्या, आपल्या मातीतल्या कारवानीचं बघू. मराठवाड्यात, कर्नाटकाच्या हद्दीवर, हे कुत्रं जुनं. इराण-अफगाणिस्तानकडून तांड्यांबरोबर, कारवानाबरोबर आलं म्हणून कारवानी. लांब केसाचं असलं की पश्मी. त्याला राखलं कुणी? रानात फिरणाऱ्यांनी. पारधी, धनगर, बेडर. स्वतः अर्धी भाकर खाऊन त्याला अर्धी घातली. पण नाव कुणाचं झालं? मुधोळ संस्थानच्या राजाचं. मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातल्या बेडरांजवळ ही कुत्री बघितली, वाड्यात नेली, वाढवली. इंग्लंडच्या राजाला पिल्लं नजर केली असं सांगतात. तेव्हापासून ते मुधोळ हाउंड. बेडर हाउंड नाही.

या मुधोळच्याच मुलखात हलगली नावाचं गाव आहे. तिथल्या बेडरांनी १८५७ साली बंड केलं. कशासाठी? इंग्रजांनी हत्यारं जमा करा असा कायदा आणला. शिकारीवर जगणाऱ्याचं हत्यार काढून घेणं म्हणजे ताट काढून घेणं. बेडर उठले. इंग्रजांनी गाव जाळलं, धरलेल्यांतल्या एकोणीस जणांना फासावर दिलं. पुढं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला आणि रानात फिरणाऱ्या जमातीच्या जमाती जन्मतःच चोर ठरल्या. शिकार करणारा माणूस गुन्हेगार, त्याच्या हातातलं शिकारी कुत्रं मात्र राजाला नजराणा. माणसाच्या गळ्यात फास आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा.

२००५ साली सरकारनं मुधोळ कुत्र्याचं पोस्टाचं तिकीट काढलं. कर्नाटकात त्याच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. सैन्यानं मेरठला नेऊन त्याला शिकवायला घेतलं. ३० ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी रेडिओवर देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं, त्यात मुधोळचं नाव पहिल्या रांगेत. चांगलं झालं. कुत्र्याचा आम्हाला राग नाही. पण ज्यांनी त्याला राखलं ते पारधी अजून जमिनीच्या कागदासाठी, जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीच्या पायऱ्या घासतात. कुत्र्याला आजा-पणजाच्या नावासकट वंशावळीचं प्रमाणपत्र मिळतं. पारध्याला जुन्या रहिवासाचा पुरावा मागतात. पाल उठवणाऱ्यानं पुरावा कुठून आणायचा?

आणि ज्याला कुणी तिकिटावर छापणार नाही ते आपलं गावठी कुत्रं. तांबडं, शेपूट वर वळलेलं, कान उभे. त्याला इंग्रजांनी काय नाव दिलं माहीत आहे का? परिया डॉग. परिया म्हणजे काय? तमिळनाडूतली पराइयार ही जात. पराई नावाचं वाद्य वाजवणारी, अस्पृश्य. आमच्या महार-मांगांसारखीच गावाबाहेरची. त्या माणसांचं नाव इंग्रजांनी आधी बहिष्कृत या अर्थाचा शब्द म्हणून वापरलं आणि मग कुत्र्याला लावलं. आजही कुत्र्यांच्या पुस्तकात ते नाव आहे. शिकलेली, प्राण्यांवर प्रेम करणारी माणसं हौसेनं सांगतात, आम्ही परिया पाळलाय. एका जिवंत जातीचं नाव कुत्र्याच्या गळ्यात बांधलंय आणि कुणाला लाज वाटत नाही. साहेब गेला, साहेबाची शिवी राहिली. या देशाला ती शिवी परकी वाटलीच नाही, म्हणून राहिली.

तुमच्या धर्मग्रंथात तरी कुत्र्याचं काय आहे? एकलव्याकडं आधी कोण गेलं? पांडवांचं शिकारी कुत्रं. काळा माणूस, अंगावर हरणाचं कातडं, बघितलं आणि भुंकलं. एकलव्यानं त्याला जखम न करता बाणांनी त्याचं तोंड बंद केलं. ते कुत्रं तसंच पांडवांकडं गेलं आणि चुगली झाली. तिथून अंगठा गेला. त्याच महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्गात जायला तयार नाही. केवढी माया! कुत्रं म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म निघतं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, ते चार वेद. कुत्र्यात वेद दिसतो. कुत्र्यात धर्म दिसतो. एकलव्यात काय दिसलं? अंगठा.

चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत होती, कुत्री-मांजरं पाणी पीत होती. माणसाला पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्यासाठी डोकी फुटून घ्यावी लागली. १९३१ साली गांधींच्या तोंडावर बाबासाहेबांनी हेच सांगितलं, की जिथं आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षा हलकं वागवतात त्या भूमीला मी मायभूमी कसा म्हणू. तेव्हा कुत्र्याशी बरोबरी आम्ही नाही मांडली. ती मांडून आम्हाला खालच्या पारड्यात टाकलं ते तुम्ही.

खंडोबाकडं या. त्याच्या पायाशी कुत्रं आहे. त्याच्या नावानं सोडलेला वाघ्या म्हणजे देवाचं कुत्रंच. पूर्वी वाघ्ये कुत्र्यासारखे भुंकायचे, देवापुढं भुईवर मांडलेलं तोंड लावून खायचे. पोरगी सोडली तर मुरळी. ही पोरं कुणाची? फेटेवाल्यांची नव्हे. आपली. नवसाची फेड आपल्या लेकरांनी. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मुरळीच्या चालीविरुद्ध चळवळ उभी केली होती. आज माळेगावला एका बाजूला कुत्र्याला श्वान म्हणतात. त्याच देवाच्या दारात माणसाला कुत्रं करून ठेवलं होतं, हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही.

आता शुद्ध रक्ताचं फळ काय ते ऐका. बुलडॉगचं डोकं इतकं मोठं केलं की बहुतेक माद्यांचं पोट कापूनच पिल्लं काढावी लागतात. नाक आत दाबलं, आता त्याला श्वास घेता येत नाही. अल्सेशियनची कंबर बसते. ठिपक्यांच्या डाल्मेशियनचं तर पुरं रक्तच बिघडलेलं. ठिपके उठावदार पाहिजेत म्हणून निवडत गेले, त्याबरोबर एक दोष सगळ्या जातीत पसरला आणि लघवीत खडे व्हायला लागले. १९७३ साली रॉबर्ट शायबल या शास्त्रज्ञानं एक डाल्मेशियन एका पॉइंटर कुत्र्याशी एकदाच लावला. पुढं परत सगळे डाल्मेशियनच. दोष नसलेली निरोगी पिल्लं मिळाली, अंगावर ठिपके सुद्धा होते. १९८१ साली अमेरिकेच्या केनेल क्लबनं अशी दोन कुत्री नोंदवली. झालं, डाल्मेशियनवाले उठले. बाटलं म्हणाले. नोंदणी बंद पाडली. दार उघडायला २०११ साल उजाडलं. तीस वर्षं. कुत्रं मुतताना विव्हळलं तरी चालेल, चोपडी बाटता कामा नये. हे ऐकून मला सनातनी आठवले नाहीत तर काय!

२००८ साली इंग्लंडच्या टीव्हीवर या शुद्ध कुत्र्यांचे हाल दाखवले, बोंब झाली, तेव्हा कुठं २००९ साली तिथल्या क्लबनं बाप-लेक, माय-लेक आणि सख्ख्या बहीणभावांची पिल्लं नोंदवायचं बंद केलं. म्हणजे तोवर चालत होतं. रक्त शुद्ध राखायचं म्हणलं की माणूस कुठवर जातो बघा.

आणि गुण? जातीवरून स्वभाव कळतो म्हणतात. हा राखणीचा, हा इमानी, हा हलकट. २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांची माहिती गोळा केली, दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं वाचली. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यात जातीचा वाटा किती निघाला? नऊ टक्के. शंभरातले नऊ. कुत्र्यात सुद्धा, जिथं दीडशे वर्षं मुद्दाम निवडून जात घडवली, तिथं ही गत. मग माणसाचा स्वभाव जन्मावरून सांगणाऱ्याला काय म्हणायचं?

माणसाचंही तपासून झालंय. हैदराबादच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवलं की सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी या देशात सगळे सगळ्यांत मिसळत होते. मग मिसळणं थांबलं. दार लावलं गेलं. २०१७ साली त्यांनी अडीचशेहून जास्त समूह तपासले, त्यात ८१ समूहांत आतल्या आत लग्नाचा परिणाम इतका खोल निघाला की आनुवंशिक रोगाचा धोका मोठा. त्यात मोठमोठ्या जाती आहेत. दक्षिणेतल्या वैश्य समाजात तर भूल देताना वापरायच्या एका औषधानं जीव धोक्यात येतो, हे डॉक्टरांना केव्हाचं माहीत आहे. शुद्धपणाचा दंड रक्तच वसूल करतं. त्याला मोर्चा लागत नाही.

हे शेतकऱ्याला कळत नाही का? चांगलं कळतं. १९६४ साली संकरित ज्वारी आली, १९७० साली संकरित कापूस आला. आमच्या हिंगोलीच्या शिवारात त्याशिवाय पेरणी नाही. हायब्रीड म्हणलं की पिशवीला पैसे मोजतात. गोठ्यात जर्सीची संकरित गाय, दूध जास्त देते. बियाणं संकरित, गाय संकरित, कोंबडी संकरित. पोरगी मात्र जातीत! पोरीनं जातीबाहेर बघितलं की कोयता. १ जानेवारी २०१३ ला सोनईत तीन पोरं मारली. २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात शाळकरी पोराला मारून झाडाला लटकवलं. कशापायी? चोपडी बाटू नये म्हणून.

गावठी कुत्र्याची मी आरती ओवाळत नाही. गावठी कुत्रं चावतं, आणि चावतं ते बंगल्यातल्याला नव्हे. पहाटे झाडू घेऊन निघालेल्या बाईला, कचरा वेचणाऱ्या पोराला, पालाबाहेर झोपलेल्याला. मग सरकारी दवाखान्यात लशीसाठी रांग. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात दिल्लीच्या मोकाट कुत्र्यांवर दोन निकाल झाले. ११ तारखेला सगळी धरून कोंडा, २२ तारखेला लस देऊन, नसबंदी करून सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी ठेवा. दोन्ही बाजूंनी मोठी माणसं मोठमोठ्यानं बोलली. कुत्री धरायला जाणारा पालिकेचा माणूस कोण, त्याच्या हातात हातमोजे आहेत का, हे कुणी विचारल्याचं मला दिसलं नाही.

आमच्या पुसेगावापासून जवळ नर्सी आहे. कयाधूच्या काठाला, नामदेवाची. नामदेवाची कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. कुत्र्यानं भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं पळाला, कोरडी खाऊ नको म्हणाला. नाम्यानं त्या कुत्र्याची जात विचारली नाही. पण याच नामदेवाला औंढ्याच्या देवळात शिंपी म्हणून मागं घालवलं, आणि त्याच्यासाठी देऊळ फिरलं असं आमच्याकडं सांगतात. देऊळ फिरलं असंल. गाव काही फिरलं नाही. गावानं गोष्टीतलं तूप चाटलं आणि जात तशीच ठेवली.

आता आपल्या घरात येऊ. हे लिहायचं खरं कारण तेच आहे.

आपल्या वस्तीतली नोकरीला लागलेली पोरं आता लॅब्रॅडॉर आणतात, रॉटवायलर आणतात. कागदासकट. ओरिजिनल म्हणतात. ठीक आहे, पैसा तुझा, माया तुझी. पण भिंतीवर बाबासाहेब आणि खाली दारात शुद्ध रक्ताचं सर्टिफिकेट, याचा मेळ कसा घालतोस बाबा? आणि गोष्ट कुत्र्यावर थांबत नाही. आमच्यात साडेबारा पोटजाती सांगायचे. सोमवंशी, लाडवन, आंधवन, बावणे, कोसरे. १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तिथं हे सगळं जळायला पाहिजे होतं. जळलं नाही. सोयरीक निघाली की कोपऱ्यातला म्हातारा अजून विचारतो, "त्यायचं मूळ कोन्तं?"

माझ्या नात्यातली एक पोरगी. नर्सिंग शिकलेली. मातंगाच्या पोराशी लग्न करते म्हणाली. पोरगा निर्व्यसनी, एसटीत कामाला. घरात बैठक बसली. सगळे जयभीमवाले. एक मामा म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर आपल्यात नाही बसत." दुसरे म्हणाले, "उद्या आपल्या दुसऱ्या पोरी कोन करून घेईन?" पोरगी म्हणाली, "मामा, तुमी माहाडचं सांगता, नागपूरचं सांगता. मह्याच लग्नाला काहून आडवे येता?" कुणाला उत्तर देता आलं नाही. मी त्या बैठकीत म्हणालो तेच इथं लिहितो. ज्या चोपडीनं आपल्याला गावाबाहेर काढलं तिचंच एक फाटकं पान आपण खिशात घालून बसलोय. वरच्यानं आपल्याला गावठी म्हणलं की रक्त सळसळतं, आणि खालचा कोण हे शोधायला आपली नजर मांगवाड्याकडं जाते. दोन भटकी कुत्री उकिरड्यावर भांडतात तेव्हा वाड्यावरचा हसतो. त्याला आपल्याला अजून किती हसवायचं?

बैठक अजून मिटलेली नाही. पोरगी थांबणार नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, तीस दिवसांची नोटीस आहे, सही करायला तीन साक्षीदार लागतात. त्यातला एक मी. बाकीचे दोन वस्तीतूनच आले पाहिजेत. कोण येतं ते बघतो.

आणि ज्यांना मराठी लिहायची हौस आहे त्यांनी एवढं करावं. जातिवंत हा शब्द कौतुकाला वापरणं बंद करावं. चांगल्याला चांगलं म्हणा, गुणाच्याला गुणाचं म्हणा. भाषेला काही कमी पडणार नाही. परिया हे नाव कुत्र्याच्या गळ्यातून काढा. माळेगावच्या मांडवात बक्षीस द्यायचं तर कुत्र्याच्या कागदाला देऊ नका, ते ज्यानं पालावर राखलं त्याच्या हातात द्या, आणि देताना त्याची जात विचारू नका.

कुत्र्यानं कधी कुणाची जात विचारली नाही. हा रोग माणसाचा. त्याच्यापर्यंत तो आपणच नेला.

जय भीम.